फिन्लंडमधील शरद आणि हौशी छायाचित्रकार

शरदऋतु म्हटला म्हणजे पाऊस सरून निरभ्र झालेलें आकाश, कांठोकांठ भरलेल्या विहिरी, पिकून पिंवळें झालेलें भात आणि कोजागिरीचें चांदणें आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. दसरा-दिवाळी याच ऋतूंत येतात; म्हणून तो आपणांस समृद्धीचा व आनंदाचा वाटतो. परंतु पृथ्वीच्या उत्तर भागांत असे देश आहेत कीं, तेथें हाच ऋतु वर्षाची निरवानिरव करण्याचा असतो. त्या काळांत दिवसेंदिवस प्रकाश कमी होत जातो, रानें क्षणभर झळाळून उघडीं पडतात, आणि माणसें हिंवाळ्याच्या तयारीस लागतात. फिन्लंड हा अशा देशांपैकीं एक होय. तेथील लोक या ऋतूंत कसे राहतात, आणि हातांत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या हौशी माणसास हा ऋतु काय शिकवितो, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, हा या लेखाचा हेतु आहे. आज बहुतेक प्रत्येक घरांत छायाचित्र काढण्याचें कांहीं ना कांहीं साधन आहे. तेव्हां हा विषय केवळ दूरदेशचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं.

प्रथम देशाची ओळख करून घेऊं. फिन्लंड हा युरोपच्या उत्तरेस, स्वीडन आणि रशिया यांच्यामध्यें वसलेला देश आहे. त्याचें क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राहून थोडेंसें अधिक, म्हणजे सुमारें ३ लाख ३८ हजार चौरस किलोमीटर आहे. परंतु लोकसंख्या मात्र अवघी ५६ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. जमिनीचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग अरण्यानें व्यापलेला असून, लहानमोठीं सरोवरें मोजलीं तर तीं १ लाख ८८ हजारांच्या घरांत जातात. अरण्यांत पाइन व स्प्रूस हे सदा हिरवे राहणारे वृक्ष आणि त्यांच्या जोडीला बर्च हा पांढऱ्या सालीचा वृक्ष मुख्य आहे. हिमालयांतील ज्या भूर्जवृक्षाच्या सालीवर आपले पूर्वज ग्रंथ लिहीत, तो या बर्चचाच भाऊबंद होय. देशाचें दक्षिण टोंक ६० अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, व उत्तर टोंक ७० अंशांस भिडलें आहे. या एका गोष्टींत तेथील शरदाचें सारें रहस्य सांठविलेलें आहे.

मुंबईस वर्षांतील सर्वांत लहान दिवस सुमारें ११ तासांचा व सर्वांत मोठा सुमारें सव्वातेरा तासांचा असतो. हा फरक इतका थोडा आहे कीं, आपण त्याकडे क्वचितच लक्ष देतों. हेल्सिंकी या फिन्लंडच्या राजधानींत जूनमध्यें दिवस जवळजवळ १९ तासांचा असतो, आणि डिसेंबरांत तो ६ तासही भरत नाहीं. उन्हाळ्यांतून हिंवाळ्यांत उतरणारा हा जिना शरदांत सर्वांत अधिक उभा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरांत तेथें दिवस रोज पांच-सहा मिनिटांनीं आंखूड होतो, म्हणजे दर आठवड्यास अर्ध्या तासाहून अधिक प्रकाश हातचा जातो. सप्टेंबरच्या आरंभीं लख्ख उजेडांत शाळेस निघणारा मुलगा नोव्हेंबरच्या अखेरीस अंधारांत घराबाहेर पडतो, आणि शाळा सुटून तो खेळावयास लागतो न लागतो तोंच पुनः दिवे लागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं घड्याळें एक तास मागें घेतात. त्यानें सकाळ थोडी उजळते खरी, पण संध्याकाळ तितकीच अलीकडे येते. दिवसाची एकंदर लांबी मनुष्याच्या घड्याळानें वाढत नाहीं.

प्रकाशाचें प्रमाण बदलतें तसा त्याचा गुणही बदलतो, आणि छायाचित्रकाराचें काम येथेंच सुरू होतें. मुंबईस ऐन हिंवाळ्यांतही दुपारीं सूर्य क्षितिजापासून सुमारें ४७ अंश वर असतो. हेल्सिंकींत सप्टेंबरच्या विषुवदिनीं तो दुपारीं ३० अंशांवर, ऑक्टोबरच्या अखेरीस १६ अंशांवर, व नोव्हेंबरच्या मध्यास केवळ ११-१२ अंशांवर येऊन थांबतो. सूर्य इतका खालीं असला म्हणजे त्याच्या किरणांस वातावरणाच्या पुष्कळ जाड थरांतून तिरपें यावें लागतें. त्या प्रवासांत निळा प्रकाश विखरून जातो, आणि पिंवळा-तांबूस प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोंचतो. आपल्याकडे असा सोनेरी प्रकाश सकाळ-संध्याकाळीं घटकाभर लाभतो. तेथें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत आभाळ मोकळें असेल तर तो बहुतेक सारा दिवस टिकतो. सावल्या लांब पडतात, झाडाच्या सालीवरील प्रत्येक सुरकुती उठून दिसते, आणि साधी लांकडी भिंतही पाहण्याजोगी होते. मात्र आभाळ मोकळें असेल तर, ही अट मोठी आहे; कारण ऋतु उतरूं लागला म्हणजे राखेच्या रंगाचे ढग दिवसचे दिवस हलत नाहींत. म्हणून ऊन पडलें कीं तेथील हौशी माणूस हातांतलें काम बाजूस ठेवून बाहेर पडतो. जी वस्तु थोडी असते तिची किंमत माणसास बरोबर कळते.

या ऋतूचें पहिलें वैभव म्हणजे पानांचे रंग. फिनिश भाषेंत या रंगोत्सवास 'रुस्का' असा स्वतंत्र शब्द आहे. उत्तरेकडील लॅपलंड प्रांतांत रुस्का सप्टेंबरांत भरास येतो. मग तो रंग हळूहळू दक्षिणेकडे सरकतो, व हेल्सिंकीच्या आसपास सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत दिसतो. बर्चचीं पानें पिंवळीं होतात, रोवन नांवाच्या झाडाचीं तांबडीं होतात, आणि लॅपलंडच्या उघड्या टेकड्यांवर तर गुडघ्याइतकीं खुजीं झुडपें व जमिनीलगतच्या बोरांचीं पानें अशीं पेटतात कीं, कोणी तांबडी घोंगडी पसरली आहे असें वाटावें.

हा बदल कां होतो, हें समजून घेण्यासारखें आहे. पानांतील हिरवें द्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें झाडाचें अन्न तयार करतें. प्रकाश व उष्णता कमी होऊं लागली म्हणजे पानें राखणें झाडास परवडत नाहीं. तें हिरवें द्रव्य मोडून त्यांतील उपयुक्त भाग खोडांत व मुळांत ओढून घेतें. पानांत पिंवळें द्रव्य आरंभापासूनच असतें. वरचा हिरवा पडदा दूर झाला कीं तें उघडें पडतें. तांबडा रंग मात्र नवा असतो. स्वच्छ ऊन व गार रात्री असतील त्या वर्षीं पानांत उरलेल्या शर्करेपासून तो तयार होतो. म्हणून रुस्का दर वर्षीं सारखा दिसत नाहीं. शेवटीं देंठाशीं एक पातळ थर तयार होऊन पान सुटें होतें. याप्रमाणें ज्यास आपण सौंदर्य म्हणतों, तें झाडाच्या दृष्टीनें हिंवाळ्यासाठीं केलेली काटकसर असतें.

झाड जें करतें तेंच माणसेंही करतात. फिन्लंडांत एक जुनी वहिवाट आहे व ती आज कायद्यानें मानलेली आहे. जमीन कोणाचीही असो, कोणीही मनुष्य त्या रानांतून पायीं जाऊं शकतो, तेथील रानबोरें व अळंबीं वेंचूं शकतो. मात्र त्यानें कोणास त्रास देऊं नये, नुकसान करूं नये, घरांच्या अंगणांत शिरूं नये व मालकाच्या परवानगीवांचून विस्तव पेटवूं नये. या हक्कामुळें शरदांत सुट्टीच्या दिवशीं कुटुंबेंच्या कुटुंबें बादल्या व टोपल्या घेऊन रानांत जातात. निळीं बोरें उन्हाळ्याच्या अखेरीस संपत येतात. सप्टेंबरांत 'पुओलुक्का' नांवाचीं लहान, आंबट, तांबडीं बोरें पिकतात. त्यांत निसर्गतःच टिकाऊपणा आणणारें एक आम्ल असल्यामुळें तीं हिंवाळाभर चांगलीं राहतात. दलदलींत 'कार्पालो' हें दुसरें आंबट बोर थंडी पडल्यावर वेंचतात. अळंब्यांत पिंवळें कांतारेल्ली सर्वांच्या आवडीचें. आणि त्याचाच तपकिरी रंगाचा भाऊ इतका काटक असतो कीं, बर्फ पडेपर्यंत तो शेवाळांत सांपडतो. चांगल्या अळंब्यांची जागा फिनिश माणूस सहसा शेजाऱ्यासही सांगत नाहीं, असें तेथें थट्टेनें म्हणतात.

विद्यार्थ्यांस येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १९४३ सालीं फिन्लंडांत असा कायदा झाला कीं, प्रत्येक शाळकरी मुलास शाळेंत फुकट जेवण मिळावें. १९४८ पासून तो सर्वत्र अमलांत आला. तो युद्धाचा व टंचाईचा काळ होता. तेव्हां मुलांनींही शाळेच्या वेळाबाहेर आपल्या शक्तीप्रमाणें भाजीपाला पिकवावा, रानांतून बोरें गोळा करून आणावीं, व शाळेच्या स्वयंपाकघरास हातभार लावावा, अशी त्या योजनेंत अपेक्षा होती. त्या पिढीच्या मुलांनीं शरदांतील रान पोट भरण्याच्या दृष्टीनें पाहिलें. आजच्या मुलांस तें चित्र काढण्याच्या दृष्टीनें पाहतां येतें, ही त्या पिढीच्या कष्टांची कमाई आहे.

घरोघरचीं कामें पाहावयाचीं तर तींही अशींच साधीं असतात. बटाटे खणून काढून तळघरांत ठेवावयाचे. सरोवरांतील होडी कांठावर ओढून पालथी घालावयाची. लांकडें फोडून छपराखालीं रचावयाचीं. गाडीस बर्फांत चालणारीं चाकें बसवावयाचीं. पूर्वी बटाटे काढण्याच्या हंगामांत शाळांस सुट्टी मिळे. आज ऑक्टोबरांत जी शरदाची सुट्टी असते तिचें मूळ या शेतकामांत आहे. आठवड्याच्या शेवटीं 'सौना' तापवितात. सौना म्हणजे लांकडी फळ्यांची एक खोली; तींत तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढतात, व घरचीं माणसें त्या वाफेंत बसून अंग शेकतात. त्या चिमुकल्या लोकसंख्येच्या देशांत सौनांची संख्या ३० लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे, आणि २०२० सालीं युनेस्कोनें या प्रथेस मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें आहे. संध्याकाळीं सरोवराकांठच्या सौनाच्या धुराड्यांतून निघणारा सरळ धूर, व खिडकींतला पिंवळा दिवा, हें दृश्य हौशी छायाचित्रकारांचें मोठें आवडतें आहे. आणि तें कोणा एका प्रसिद्ध स्थळीं नसून घराघरांत आहे.

सार्वजनिक जीवनांतही या ऋतूचे कांहीं ठराविक प्रसंग आहेत. हेल्सिंकीच्या बंदरावरील बाजारचौकांत दर ऑक्टोबरांत माशांचा बाजार भरतो. १७४३ पासून चालत आलेल्या या बाजारांत बेटांवरचे कोळी आपल्या होड्या धक्क्यास लावून खारवलेले मासे व काळा गोडसर पाव होडींतूनच विकतात. पश्चिम किनाऱ्यावर वासा शहराजवळ स्योदरफ्यार्डेन नांवाचें विस्तीर्ण सपाट शेत आहे; तेथें दक्षिणेकडे जाण्यापूर्वीं सप्टेंबरांत हजारों क्रौंच पक्षी उतरतात. लॅपलंडांत रेनडियर पाळणारे लोक शरदापासून आपले मोकळे सोडलेले कळप गोळा करूं लागतात, आणि कानांवरील खुणा पाहून कोणाचें जनावर कोणतें हें ठरवितात. या सर्व ठिकाणीं छायाचित्रकार हा पाहुणा असतो. कळप हांकणाऱ्याच्या वाटेंत तो उभा राहिला, किंवा पक्ष्यांच्या फार जवळ गेला, तर चित्र मिळत नाहीं व काम मात्र बिघडतें.

मग येतो ऋतूचा उतार. फिनिश महिन्यांचीं नांवें फार बोलकीं आहेत. सप्टेंबरास ते 'शरदाचा महिना' म्हणतात. ऑक्टोबरास 'चिखलाचा महिना', आणि नोव्हेंबराच्या नांवांत 'मरणाचा' अर्थ दडलेला आहे. पानें गळून गेलेलीं असतात, बर्फाचा पांढरा उजेड अजून आलेला नसतो, व ओले काळे रस्ते दिव्यांचा उजेड गिळून टाकतात. अशा वेळीं रस्त्यानें चालणाऱ्या माणसास मोटारहांक्यानें पाहावें तरी कसें? यावर तेथें एक अगदीं साधा उपाय आहे. कोटास दोरीनें लोंबणारा प्लॅस्टिकचा एक लहानसा चमकणारा तुकडा प्रत्येक मूल वागवितें. गाडीच्या दिव्याचा उजेड त्यावर पडला कीं तो उलट फिरून गाडी हांकणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. अर्वी लेहती या फिनिश उत्पादकानें ही वस्तु प्रचारांत आणली, व आज अंधारांत पायीं जाणाऱ्यानें ती वापरावी असें कायदाच सांगतो. कित्येक जीव या रुपया-दोन रुपयांच्या वाटाव्या अशा वस्तूनें वांचले आहेत.

नोव्हेंबरच्या आरंभीं सर्वसंतांचा दिवस येतो. त्या शनिवारीं लोक दफनभूमींत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. अंधार लौकर पडत असल्यामुळें शेंकडों लहान ज्योतींनीं सारी भूमि उजळून निघते. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीपासून याच सुमारास 'केक्री' नांवाचा सुगीचा सण होई. त्या दिवशीं शेतीचें वर्ष संपे, व पूर्वजांसाठींही सौना तापवून ठेवीत. आमच्या वाचकांस येथें आपल्या पितृपक्षाची आठवण होईल, व सर्व पित्री अमावास्येनंतर लागणाऱ्या सणांचीही. पिकें घरांत येतात त्या दिवसांत गेलेल्या माणसांची आठवण करावी, असें दूरदूरच्या लोकांस आपापल्या परीनें वाटलें, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आतां छायाचित्रणाकडे वळूं. ही कला १८३९ सालीं पॅरिसमध्यें जगापुढें आली, आणि तीनच वर्षांनीं ती फिन्लंडांत पोंचली. तुर्कू शहरांतील हेन्रिक कायांदर नांवाच्या एका डॉक्टरानें १८४२ च्या नोव्हेंबर महिन्यांत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एका घराचें चित्र घेतलें; फिन्लंडांतील सर्वांत जुनें ज्ञात छायाचित्र म्हणून तें आज प्रसिद्ध आहे. कायांदर हा धंद्यानें वैद्य होता, छायाचित्रकार नव्हे; अर्थात् त्या देशांतील या कलेचा आरंभच एका हौशी माणसानें केला, आणि तोही शरदांत. नोव्हेंबरच्या आरंभीं तुर्कूस भर दुपारींसुद्धां सूर्य पंधरा अंशांच्या आसपासच असतो. त्या काळच्या मंद साधनांनीं अशा क्षीण प्रकाशांत चित्र उमटविण्यास केवढी चिकाटी लागली असेल, याची कल्पना करावी. पुढें १८८९ सालीं हेल्सिंकींत हौशी छायाचित्रकारांचा क्लब निघाला.

इन्टो कोनराड इन्हा (१८६५–१९३०) हा त्या देशाचा एक मोठा छायाचित्रकार होय. तो लेखक व वार्ताहरही होता. त्यानें जड कॅमेरा व कांचेच्या पट्ट्या बरोबर घेऊन देशभर प्रवास केला, आणि १८९६ सालीं फिन्लंडच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. १८९४ सालीं तो पूर्वेकडील कारेलिया प्रांतांत गेला व तेथील गांवें, घरें, शेतकरी आणि जुनीं गीतें गाणारे लोक यांचीं चित्रें त्यानें घेतलीं. सिग्ने ब्रांदर (१८६९–१९४२) या बाईचें काम याहूनही साधें दिसतें. १९०७ ते १९१३ या काळांत हेल्सिंकी नगराच्या सांगण्यावरून तिनें शहरांतील गल्ल्या, लांकडी घरें, अंगणें, दुकानें आणि त्यांत वावरणारीं माणसें यांचीं सुमारें ९०० चित्रें काढलीं. शहर झपाट्यानें बदलत होतें, व जुनीं घरें पाडून दगडी इमारती उठत होत्या. तिच्या चित्रांतील पुष्कळ घरें आज उरलेलीं नाहींत. पण अंगणांत उभें असलेलें तें मूल, दोरीवर वाळत घातलेले ते कपडे, हे राहिले आहेत. हेल्सिंकीस १९६९ सालीं छायाचित्रणाचें संग्रहालय स्थापन झालें. देश आपल्या रोजच्या जीवनाची किंमत किती करतो, हें अशा संस्थांवरून कळतें.

फिन्लंडच्या शरदांत चित्र काढणाऱ्यास कांहीं गोष्टी शिकाव्याच लागतात. त्यांतील बऱ्याच आपल्याकडेही उपयोगी पडणाऱ्या आहेत. पहिली गोष्ट धुक्याची. सरोवराचें पाणी उन्हाळ्याची ऊब बरेच दिवस धरून ठेवतें. उलट रात्रींची हवा लौकर गार होते. गार हवा कोमट पाण्यावर आली कीं पाण्याची वाफ तत्काळ थिजून पहाटे सरोवरावर धुकें तरंगूं लागतें. सूर्य वर येतांच तें विरतें. म्हणून तें टिपावयाचें तर अंधारांतच उठून कांठावर जाऊन बसलें पाहिजे. दुसरी गोष्ट पावसाची. पाऊस पडून गेला कीं नवखा मनुष्य कॅमेरा पेटींत ठेवतो. जाणता तेव्हांच बाहेर काढतो. ढगाळ दिवशीं सावल्या मऊ होतात, ओल्या पानांचा रंग गडद दिसतो, व शेवाळांतील अळंबें उन्हापेक्षां या मंद प्रकाशांत अधिक चांगलें येतें. उन्हांत मात्र पानें सूर्य व आपण यांच्यामध्यें धरावीं. मग प्रकाश पानांतून गाळून येतो व शीर न शीर दिसूं लागते.

तिसरी गोष्ट स्थिरतेची. प्रकाश कमी म्हणजे शटर अधिक वेळ उघडें ठेवणें भाग. आणि तेवढ्या वेळांत हात हलला तर चित्र पुसट झालेंच. म्हणून तिपाई वापरावी. ती नसेल तर कठड्याचा, दगडाचा किंवा झाडाच्या बुंध्याचा आधार घ्यावा. चौथी गोष्ट थंडीची. थंडींत बॅटरीचा जोर लौकर ओसरतो. म्हणून जादा बॅटरी कोटाच्या आंतल्या खिशांत अंगाच्या उबेंत ठेवतात. बाहेरून ऊबदार घरांत येतांच गार भिंगावर दंव धरतें. यासाठीं कॅमेरा घट्ट बंद पिशवींत घालून मगच घरांत आणावा, व तो खोलीइतका कोमट झाल्यावर बाहेर काढावा. आपल्याकडे वातानुकूलित खोलींतून पावसाळ्याच्या दमट हवेंत कॅमेरा नेला कीं भिंग धुरकटतें, त्याचें कारण हेंच आहे.

रात्रीं आकाशांत दिसणाऱ्या उत्तरप्रकाशाचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा व्हावयाचा नाहीं. सूर्यापासून निघालेले विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळें ध्रुवांकडे वळतात, व उंच वातावरणांतील वायूंवर आदळून त्यांस प्रकाशित करतात. सुमारें शंभर किलोमीटरांच्या उंचीवर प्राणवायूमुळें हिरवा, आणि त्याहून पुष्कळ वर तांबडा प्रकाश दिसतो. फिनिश भाषेंत या प्रकाशास 'कोल्ह्याचा जाळ' म्हणतात. कारण एक कोल्हा बर्फावरून धांवतांना शेंपटीनें ठिणग्या उडवितो, अशी जुनी समजूत होती. लॅपलंडांत उन्हाळ्याच्या पांढऱ्या रात्री संपल्या कीं ऑगस्टच्या अखेरीपासून तो पुनः दिसूं लागतो. शरदांत सरोवरें अजून गोठलेलीं नसतात. त्यामुळें हा प्रकाश आकाशांत एकदां व पाण्यांत एकदां, असा दोनदां पाहावयास मिळतो. त्याचें चित्र घेण्यास तिपाई, रुंद तोंडाचें भिंग, आय.एस.ओ. १६०० च्या आसपास आणि पांच ते पंधरा सेकंद शटर उघडें, इतकी तयारी बहुधा पुरते. परंतु तिच्याहून मोठी तयारी म्हणजे गारठ्यांत तासन् तास वाट पाहण्याची. पुष्कळ रात्री कांहींच दिसत नाहीं, व माणूस रिकाम्या हातानें घरीं येतो.

येथें आम्हांस मुख्य मुद्दा सांगावयाचा आहे. रुस्काच्या पंधरवड्यांत दुरून येणारे प्रवासी पुष्कळ असतात. ते रंगीत टेंकडीचें चित्र घेऊन परत जातात. परंतु तेथेंच राहणारा हौशी मनुष्य, म्हणजे शिक्षक, परिचारिका, सुतार किंवा विद्यार्थी, तीच वाट रोज चालतो. ऑगस्टांतलें हिरवें, सप्टेंबरांतलें पिंवळें, ऑक्टोबरांतलें उघडें व नोव्हेंबरांतलें काळें झाड त्यानें एकाच जागेवरून पाहिलेलें असतें. रोजचें सान्निध्य हेंच त्याचें भांडवल, आणि हें भांडवल महागड्या कॅमेऱ्यानें विकत मिळत नाहीं. अशा चित्रांचें महत्त्व आज आणखी वाढलें आहे. फिन्लंडचें हवामानखातें दिवसाचें सरासरी तापमान १० अंशांच्या खालीं उतरून तेथेंच राहूं लागलें म्हणजे शरद लागला असें मानतें, व तें शून्याखालीं गेलें म्हणजे हिंवाळा. गेल्या कांहीं दशकांत तेथील हवा उबदार होत चालली असून, या सीमा सरकूं लागल्या आहेत. सरोवर कधीं गोठलें, बर्फ कधीं पडलें, पानें कधीं झडलीं, हें तारखेसह सांगणारें एखाद्या घरचें साधें चित्रही उद्यां पुरावा ठरूं शकतें. तारीख नसलेलें सुंदर चित्र तितकें उपयोगी पडत नाहीं.

यांत सभ्यतेचाही प्रश्न येतो. दुसऱ्याच्या घराच्या खिडकींत, शोक करणाऱ्याच्या चेहऱ्यावर, किंवा नको म्हणणाऱ्या माणसावर कॅमेरा रोखूं नये. दफनभूमींतील ज्योतींचें चित्र घेणाऱ्यानें दुरूनच घ्यावें, व घेतल्यावर क्षणभर कॅमेरा खालीं ठेवून उभें राहावें. जें रान सर्वांस खुलें आहे तेथें शेवाळ तुडवून, फांदी मोडून चित्र सजवूं नये. मोकळीक टिकते ती ती वापरणाऱ्यांच्या संयमावर. बोरें वेंचण्याच्या हक्काविषयीं हें जितकें खरें, तितकेंच चित्रें वेंचण्याविषयींही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याकडे रुस्का नाहीं, उत्तरप्रकाश नाहीं, व नोव्हेंबरांतील तो काळोखही नाहीं. पण आपल्याही ऋतूंत कांहीं कमी घडत नाहीं. भाद्रपदांत हिरवी असलेली टेंकडी कार्तिकांत कशी पिंवळी होते; खळ्यावर मळणी कशी चालते; आजी उन्हांत काय काय वाळत घालते; गल्लींतील जुनें कौलारू घर पाडलें जाण्यापूर्वीं कसें दिसत होतें; हें कोणी टिपून ठेवीत आहे काय? ज्यांच्याजवळ कॅमेरा आहे त्यांनीं एक जागा निवडावी, आणि वर्षभर दर आठवड्यास त्याच जागेवरून एकच चित्र घ्यावें. एका दिवशीं शंभर चित्रें काढून विसरून जाण्यापेक्षां वर्षाचीं हीं बावन्न चित्रें पुष्कळ अधिक सांगतील. प्रत्येकाखालीं तारीख, वेळ व ठिकाण लिहावें, व चित्रांत माणसें असतील तर त्यांचीं नांवेंही. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, त्यांतील कांहीं चित्रें तरी कागदावर उतरवून घरांत नीट ठेवावीं. कारण यंत्रें जुनीं होतात, बिघडतात, हरवतात, व त्यांच्याबरोबर चित्रेंही जातात. ज्यांच्याजवळ कॅमेरा नाहीं त्यांनीं तेंच वहींत शब्दांनीं करावें. प्रकाश ज्यांस थोडा मिळतो ते लोक तो इतक्या काळजीनें वापरतात. आपणांस तर तो बारा महिने भरपूर मिळालेला आहे.